कांकण सोडायचं राहिलं

आमच्या लग्नात सगळं रीतसर झालं. दोघे पावणे रुसले, त्यांची समजूत काढली. वरात निघाली, नवरदेवाच्या मित्रांनी नाचता नाचता चपला हरवल्या. राहिलं ते एकच, कांकण सोडायचं.

हळदीच्या दिवशी नवरा-नवरीच्या मनगटाला लोकरीच्या धाग्यात हळकुंड बांधतात, ते कांकण. लग्नानंतरची पूजा झाली की दोघांनी पाटावर समोरासमोर बसायचं आणि एकमेकांचं कांकण एका हातानं सोडायचं. करवल्या मुद्दाम निरगाठी मारून ठेवतात. भोवती बायका जमतात, टिंगल करतात, आणि जो आधी गाठ सोडेल त्याचं घरात चालणार असं म्हणतात. हा डाव आपण हरायचा नाही, असं मी माहेरहून निघतानाच ठरवलं होतं.

माझं माहेर पिंपरी पेंढारचं. कांदा, टोमॅटो, दारात पिकअप. सासर घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, भात-नाचणीच्या गावी. "बागायतातली पोरगी डोंगरात किती दिस टिकती बघू," असं दोन बायका लग्नातच माझ्यादेखत म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघून गोड हसले. मला राग आला की मी गोड हसते. हे माझ्या आईला माहीत आहे, इतरांना कळायला वेळ लागतो.

हे फौजेत, पायदळात. लग्नाआधी आमचं फोनवर जे बोलणं झालं ते सगळं मिळून एक दुपारही भरली नसती, कारण हे होते तिथे रेंज नव्हती आणि ह्यांच्या घरातही नव्हती. शिवाय माणूस मुळातच कमी बोलणारा. हळदीत नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतात, बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. ह्यांनी ती इतकी जपून धरली होती की माझी मैत्रीण कानात म्हणाली, "अगं, हा खरंच फौजी आहे ना?" मीही मनात तेच म्हणत होते, पण मला ते आवडलं होतं.

त्या उन्हाळ्यात सीमेवर ताण वाढलेला. टीव्ही लावला की तेच. पूजेच्या आदल्या सकाळी हे टेकाडावर गेले. घरामागे टेकाड आहे, त्यावर हिरड्याचं झाड, आणि काय ती रेंज त्या झाडाखालीच येते. बराच वेळ लागला. परत आले तेव्हा सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. मी शेजारी बसून, नव्या सुनेला शोभेल इतपत, लाकडं पुढे सारत होते.

"सुट्टी रद झाली," हे म्हणाले. "आजच निघावं लागंल."

आत्यांनी हातातली भाकरी थापून पुरी केली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाल्या, "जेवून जा."

एवढ्यात बातमी भावकीत पोचली होती. ह्यांच्या थोरल्या काकू धावत आल्या. अंगावर हळद असताना शीव ओलांडू नये, कांकण हातात घेऊन जाऊ नये, असं बरंच काही त्या बोलल्या. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नव्या सुनेचा पायगुण म्हणायचा, दुसरं काय." मी गोड हसले.

हे निघाले तेव्हा मी उंबऱ्यापर्यंत गेले. पाठीवर सॅक, मनगटात हळकुंड, कानामागे हळद तशीच. माझ्याकडे बघून ह्यांनी तोंड उघडलं, काहीतरी बोलायचं होतं, पण मिटलं. मग म्हणाले, "येतो." मी म्हणाले, "या." आमच्या लग्नातलं तोवरचं सगळ्यात लांब बोलणं हेच.

दुसऱ्या दिवशी पूजा नवरदेवाविना झाली. ती आटोपल्यावर प्रश्न आला माझ्या कांकणाचा. सोडणारा माणूस एव्हाना गाडीत कुठल्या कुठे गेला होता. तेव्हा काकूंनी ह्यांची कट्यार आणली आणि पाटावर ठेवली.

"पूर्वी नवरदेव लढाईवर असला तर तलवारीसंग लगीन लागायचं," त्या म्हणाल्या. "कट्यारीच्या टोकानं गाठ सोडू. पोरगी मोकळी व्हईल."

बायकांना ते पटलं. खरं सांगते, मलाही पटलं होतं. हळकुंड मनगटाला टोचत होतं आणि मला मनसोक्त रडायचं होतं, तेही या सगळ्या उठल्याशिवाय होणार नव्हतं. मी हात पुढे केला. आत्या तोवर भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. त्या उठल्या, त्यांनी कट्यार उचलली.

"माझा ल्योक जिता हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी लोखंड बसवायचं न्हाई."

"अगं, रीत हाय ती."

"असंल. तो आला की सोडंल. तवर ऱ्हाऊ दे हातात."

कट्यार त्यांनी कणगीमागे टाकली आणि चहा ठेवायला आत गेल्या. सासरे ह्यांच्या लहानपणीच गेले, हे मला माहीत होतं. आपल्या माणसाच्या जागी काहीतरी ठेवून बघणं म्हणजे काय, हे या बाईनं किती वेळा केलं असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं. मला त्यांचा लळा लागला तो तेव्हापासून.

कांकणवालीला कामाला लावू नये म्हणतात. आत्यांनी मला दुसऱ्याच सकाळी राब भाजायला नेलं. भाताची रोपं टाकायची जागा आधी पालापाचोळा आणि शेण पसरून भाजून घेतात, तो राब. "घरात बसलीस तर दिसभर टीव्ही बघशील," त्या म्हणाल्या. मी पालापाचोळ्याचे भारे वाहिले, धुरानं डोळे लाल झाले, आणि त्या धुरात मी किती रडले ते कुणाला कळलं नाही. आत्यांना कळलं असावं. त्या मला वाऱ्याच्या खालच्या बाजूलाच उभं करत होत्या.

आठवड्याभरानं मी हिरड्याखाली उभी असताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, साताऱ्याकडचा. तिचा नवरा ह्यांच्याच कंपनीतला. म्हणाली, "वहिनी, आभार कसे मानू कळत नाही. मुलगी झाली."

मला काही उमजेना. मग तिनंच सगळं सांगितलं, मला ते आधीच माहीत आहे असं समजून. दोघेही सुट्टीवर होते. दोघांनाही बोलावणं आलं, पण सुभेदार म्हणाले होते की एकाला थोडे दिवस मागून आलं तरी चालेल. नाव आधी ह्यांचंच घेतलं होतं, ताजं लग्न म्हणून. ह्यांनी सांगितलं, त्याची बायको दिवसांत आहे, त्याला थांबू द्या, मी येतो.

"तुमच्या घरी काय म्हणतील, असं सुभेदारांनी विचारलं," ती म्हणाली. "तर भाऊ म्हणाले, घरी विचारलंय, ती हो म्हणाली. नव्या नवरीनं असं म्हणायला काळीज लागतं हो, वहिनी. बाळ आडवं होतं, आयत्या वेळी गाडी काढून पळवावं लागलं. हे नसते तर माझं काय झालं असतं?"

मागून बाळाचं रडणं येत होतं, नुकतं जन्मलेलं पोर रडतं तसं बारीक. माझे कान तापले होते. कोण म्हणालं हो? कधी म्हणालं? मी तर लाकडं पुढे सारत होते.

"वहिनी, ऐकू येतंय का?"

"येतंय," मी म्हणाले. "हो, मीच म्हणाले. बाळाला जपा."

फोन बंद करून मी तिथेच बसले. ह्यांनी जे केलं ते चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या बाईच्या जागी मी स्वतःला ठेवून बघू शकत होते. पण विचारायला काय झालं होतं? मी उंबऱ्यात उभी होते, पुढ्यात. माझ्या तोंडचा होकार परस्पर दुसऱ्याला देऊन टाकायचा आणि मला पत्ताही लागू द्यायचा नाही. हा माणूस परत येईल ना, ही भीती पोटात होतीच, ती कुणालाही सांगता येत होती. दुसरी सांगता येण्यासारखी नव्हती. तो परत आला, जन्मभर माझ्याजवळ राहिला, तरी मला काही विचारणार आहे का?

आत्यांना मात्र सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग भांड त्याच्यासंग."

"आत्ता? तिकडे काय चाललंय आणि मी भांडू?"

"आत्ताच भांड. लई गोड बोललीस तर त्याला वाटंल घरी कायतरी इपरीत झालंय. भांडण ऐकलं की कळंल त्याला, घर जागच्या जागी हाय."

ह्यांचा फोन बऱ्याच दिवसांनी आला, आम्ही दोघी हिरड्याखाली बसलो असताना. तोवर टीव्हीवरचा आरडाओरडा कमी झाला होता. आत्यांनी आधी बोलून घेतलं, खाल्लं का, झोपलास का, आणि फोन माझ्या हातात देऊन उतारावर जाऊन बसल्या, पाठ करून.

"साताऱ्याहून फोन आला होता," मी म्हणाले. "मी हो म्हणाले म्हणे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला विचारलं का नाही?"

"इचारलं असतं तर तू थांबा म्हणली असतीस."

"म्हणाले असते. मग?"

"मंग मी थांबलो असतो."

हे एरवी एका वेळी चार शब्दांच्या वर जात नाहीत, त्या दिवशी बोलले. "हिकडं यायचं भ्या वाटलं न्हाई असं न्हाई. वाटलंच. पर ती भीती सवयीची हाय, तिला काय करायचं ते शिकवलंय आमाला. तुझ्या तोंडून थांबा ऐकायचं आन् तरी निघायचं, तेवढी हिंमत नव्हती माझ्यात. उंबऱ्यात इचारणार व्हतो. जीभ उचलंना."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "पुढच्या वेळी विचारायचं," मी म्हणाले. "मी काहीही म्हणाले तरी विचारायचं. माझ्या नावानं परस्पर बोलायचं नाही."

"न्हाई बोलणार. इचारीन." मग म्हणाले, "कांकण हाय का हातात?"

"आहे. सोडायला माणूस नाही."

रेंज गेली. टेकाड उतरताना माझा राग निम्म्याहून कमी झाला होता, आणि इतक्या स्वस्तात तो कमी व्हावा हे मला अजिबात आवडलं नव्हतं.

गोष्ट मात्र पांगली. साताऱ्याच्या बाईनं कुणाला सांगितलं, त्यानं कुणाला, आणि पंधरा ऑगस्टला शाळेत माझा सत्कार ठेवला गेला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. सरपंच माईकवर म्हणाले, "अंगावरची हळद ओली असताना धन्याला हसत हसत सीमेवर धाडणारी आपल्या गावची सून." टाळ्या झाल्या. पायगुणाचं बोलणाऱ्या काकूच सगळ्यात जोरात वाजवत होत्या. मला माईक ओढून घ्यावासा वाटला. मी धाडलं नव्हतं, हसले तर मुळीच नव्हते, आणि हसले असेन तर ते रागानं. पण आत्या पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या, त्यांना बघून मी शाल नीट केली आणि खाली उतरले. त्या दिवसापासून गावात माझ्याशी बोलताना लोक आवाज थोडा खाली आणायला लागले. मला फार एकटं वाटायचं.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा हे सुट्टीवर आले. बारीक झाले होते, ओठ फुटलेले. माझ्या मनगटातलं हळकुंड वाळून काळं पडलं होतं, लोकरीचा रंग ओळखू येत नव्हता. ह्यांचं कांकण तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी कापलं होतं. ते ह्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवलेलं. काकूंना नवा पेच पडला, कापलेलं कांकण सोडायचं कसं? आत्यांनी वाद घातला नाही. धागा ह्यांच्या मनगटाला पुन्हा बांधला, स्वतःच्या हातानं, कुठल्याही करवलीनं मारली नसेल अशी गाठ मारून.

पाटावर बसलो. बायका जमल्या, टिंगल सुरू झाली. मी एका हातानं, नखानं, जमेल तसं खरवडत होते. ह्यांची बोटं थंडीनं चिरलेली, माझ्या मनगटावर ती नुसती फिरत होती. ह्यांच्या हातातली गाठ माझ्याकडून आधी सुटली. बायका म्हणाल्या, झालं, आता हिचंच चालणार. ह्यांनी मग माझ्या मनगटातली गाठ सोडली, आणि इतकी चटकन सोडली की ती आधीच सैल झाली असावी. मुद्दाम हरलात का, असं नंतर मी विचारलं तर म्हणाले, "गाठ लई घट्ट व्हती." मला ते खोटं वाटलं, पण त्यावरून मी भांडले नाही. कांकणाखालची माझी कातडी पांढुरकी राहिली होती, तिच्यावर अंगठा ठेवून हे बराच वेळ बसले होते.

त्यानंतर एक सुट्टी आली आणि गेली, विचारण्यासारखं काही घडलं नाही. ते घडलं यंदाच्या दिवाळीनंतर.

भात कापून झालं होतं, झोडणी चालू होती. ह्यांची सुट्टी संपत आलेली, सॅक अर्धी भरलेली. मी आणि आत्या खळ्यावर पेंढ्या आपटत होतो. हे आले, माझ्या मागे उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी वळून बघितलं. तेच तोंड, उंबऱ्यातलं, उघडलेलं आणि मिटत चाललेलं.

"एक इचारायचं व्हतं," हे म्हणाले.

"विचारा."

"थांबू का अजून थोडं? सायबांकडं मागून बघतो. दुसऱ्या कुणाची सुट्टीची पाळी जात न्हाई, ते मी बघितलंय. तू म्हणशील तसं."

आत्यांच्या हातातली पेंढी वरच राहिली.

दीड वर्ष मी याच प्रश्नाची वाट बघत होते. आणि तो आल्यावर माझ्या तोंडाला आलं ते शाल पांघरलेल्या बाईचं उत्तर. जा, माझी काळजी करू नका, असं काहीतरी, सरपंचांना माईकवर सांगता येईल असं. ते सोपं होतं. गावानं ते माझ्या हातात आयतं दिलं होतं. ह्यांची जीभ उंबऱ्यात का उचलली नव्हती हे मला तिथे, भाताच्या कुसळांत उभी असताना कळलं. थांबा म्हणायचं आणि समोरचा नाही म्हणाला तर? वरून परवानगी आली नाही तर? मागितलंच नाही तर निदान नकार तरी ऐकावा लागत नाही.

"थांबा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा. मला तुम्ही इथे हवे आहात."

हे तडक टेकाडाकडे निघाले. मी पेंढी टाकून मागोमाग. हिरड्याखाली ह्यांनी फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे तेच सुभेदार, मावळातले, भातवाल्या घरचे. सुट्टी वाढवून घ्यायला फौजी काय काय सांगतात ते मला एव्हाना ठाऊक झालं होतं. आई आजारी, घर पडलं, म्हैस व्यायली. काहीतरी चांगलंसं सांगा, असं मी खुणेनं सुचवलं.

"सायेब," हे म्हणाले, "घरी समदे बरे हायेत. आजारपण न्हाई, अडचण न्हाई. घरी इचारलं, बायको थांबा म्हणली. म्हणून फोन केला."

मी डोळे मिटले.

"या वेळी खरंच विचारलंस ना?" सुभेदार म्हणाले.

ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हो, सायेब."

"कधीपर्यंत थांबा म्हणतायत?"

ह्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "कधीपत्तुर सांगू?"

एका दिवसात दुसऱ्यांदा विचारत होते. खाली खळ्यावर आत्या पेंढ्या आपटताना दिसत होत्या. "भात झोडून होईपर्यंत," मी म्हणाले.

ह्यांनी ते तसंच सांगितलं.

"खाचरं किती आहेत?" सुभेदारांनी विचारलं.

मी घाईनं दोन्ही हात वर केले आणि दहाच्या दहा बोटं पसरून ह्यांच्या डोळ्यांसमोर धरली. ह्यांनी माझ्या बोटांकडे नीट बघितलं, एकेक मोजल्यासारखं, आणि म्हणाले, "तीन, सायेब."

मी हात खाली घेतले. आता हा माणूस उद्या जाणार, तीन खाचरांचं भात ते किती, असं माझ्या मनात आलं आणि डोळे भरून आले. पलीकडे सुभेदार हसायला लागले होते. हसू आवरून ते म्हणाले, "वहिनींना सांग, सावकाश झोडा."